केपे शहर कसे वसले? देआंवचे काम आणि त्याआधीचे केपे

केपे तालुक्यातील एका शिक्षकांनी शाळेच्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकेसाठी दोन गोष्टी विचारल्या आहेत. केपे शहर अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पोर्तुगीज धर्माधिकाऱ्याने जंगल तोडून वसवले, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. ते तसेच छापावे काय, ही पहिली. तसे असेल तर त्याआधी या ठिकाणी काय होते, ही दुसरी. दक्षिण गोव्यातील गावांची आणि जमिनींची जुनी कागदपत्रे वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यापुढे सतत येतो, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

इगर्ज म्हणजे चर्च, तिच्यासमोरचा वाडा आणि त्यांच्या आधाराने वाढलेला बाजार ही आजच्या केपे शहराची मूळ मांडणी जुझे पावलु द कॉस्ता परेरा द आल्मेदा या, देआंव या पदनामाने ओळखल्या जाणाऱ्या, धर्माधिकाऱ्याने केली, हे मान्य करण्यात काहीच अडचण नाही. मात्र केप्याजवळून वाहणाऱ्या कुशावती नदीचे खोरे त्याने वसवलेले नाही. तो आला तेव्हा इथे शेते होती, लोकवस्तीचे वाडे होते, देवस्थाने होती आणि जमिनीवर हक्क सांगणारी घराणी होती. मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तिकेत या दोन्ही बाजू यायला हव्यात. पहिली लिहून दुसरी गाळली, तर ज्यांच्या पूर्वजांनी त्या खोऱ्यात नांगर धरला, त्यांच्याच नातवंडांना आपण तुमचे गाव कोरे रान होते असे शिकवू.

सुरुवात 1763 पासून करावी लागेल. साष्टी आणि बार्देश हे दोन महाल 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे कायमचे गेले. तिसवाडीसह त्यांना आपण जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतो. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ पोर्तुगीजांची सत्ता किनाऱ्यालगतच्या या चिंचोळ्या पट्ट्यापुरतीच राहिली. साष्टीच्या पूर्व सीमेपलीकडे आधी आदिलशाहीचा आणि नंतर सौंदेकर राजांचा अंमल होता. पोर्तुगीजांना ही सीमा नेहमीच धोक्याची वाटत आली. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी-बार्देशात उतरल्या, 1739 मध्ये मराठ्यांनी पुन्हा साष्टी व्यापली आणि त्याच वर्षी वसई पडल्यामुळे उत्तरेकडचा बहुतेक प्रांत हातचा गेला. 1756 मध्ये तर व्हाइसरॉय कोंद द आल्व्हा हा फोंड्याच्या मर्दनगडावर चढाई करताना मारला गेला. राजधानीच्या पूर्वेला भक्कम भूभाग हाती असल्याशिवाय गोवा टिकणार नाही, ही गोष्ट त्या दशकांत लिस्बनला आणि गोव्याच्या शासनाला पक्की कळून चुकली होती.

ती संधी त्यांना म्हैसूरच्या हैदर अलीमुळे मिळाली. 1763 मध्ये हैदरने सौंदे जिंकले तेव्हा तेथील राजा सवाई इम्मडी सदाशिव याने पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, आणि त्या उलथापालथीत फोंडा, पंचमहाल व काणकोण हा सौंदेकरांचा गोव्याकडील मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. राजघराणे पुढे फोंडा महालातील बांदिवड्याला राहिले. या मुलखाचा रीतसर करार मात्र 1791 मध्ये झाला. पंचमहाल म्हणजे अष्टागर, हेमाडबार्शे, बाळ्ळी, चंद्रवाडी आणि काकोडा. आजचे केपे आणि सांगे हे तालुके मुख्यतः याच पाच महालांतून घडले. पुढे 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हेही आले आणि नव्या काबिजादी पूर्ण झाल्या. गोव्याच्या 3,702 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी साधारण पाऊण हिस्सा या नव्या काबिजादींचा आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या काळच्या शासनापुढे केवढा प्रश्न उभा राहिला असेल याची कल्पना येते. एवढा मुलूख हाती आला खरा, पण तिथे त्यांचा माणूस नव्हता, कचेरी नव्हती, इगर्ज नव्हती आणि त्यांच्या ओळखीचे म्हणावे असे एकही शहर नव्हते.

आता त्या मुलखात आधी काय होते ते पाहू. कुशावती सांगे तालुक्यातील डोंगरांतून उतरते, रिवण आणि जांबावलीवरून केप्याला येते आणि पुढे चांदर-पारोड्याच्या बाजूने जुवारीला मिळते. या एका नदीच्या काठावर गोव्याच्या इतिहासाचे जितके थर आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही नदीकाठी क्वचितच सापडतील. उसगाळीमळ येथे नदीकाठच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर बैल, मोर, नाचणारी स्त्री आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. 1993 मध्ये अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले आणि गोव्याच्या प्रागैतिहासिक वस्तीची चर्चाच बदलली. नदीच्या खालच्या अंगाला चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, भोजांपासून कदंबांपर्यंतच्या राजवंशांची राजधानी. त्याच्या माथ्यावर पारोड्याच्या पर्वतावर चंद्रेश्वर भूतनाथ. समुद्राच्या बाजूला, साळ नदीच्या मुखाशी, शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये बांधवलेला बेतूलचा किल्ला. हे सगळे केप्यापासून फार लांब नाही.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट सोळाव्या शतकात घडली. साष्टीतील देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा महाजनांनी, म्हणजे देवस्थानाची व्यवस्था पाहणाऱ्या घराण्यांनी, देव उचलले आणि सीमेपलीकडे नेले. मडगावचा दामोदर जांबावलीला कुशावतीच्या काठी आला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि ती कुंकळ्ळीकरीण म्हणूनच आजही ओळखली जाते. देव गेला की त्याच्यामागून पुजारी, सेवेकरी, महाजनांची वर्दळ, जत्रेचा व्यापार आणि देवस्थानाच्या जमिनी कसणारी कुळे हेही येतात. म्हणजे देआंव इथे येण्याच्या दोनशे वर्षे आधीच या खोऱ्यात साष्टीतून माणसे आणि पैसा येत होता. त्यामुळे ओसाड जंगल हे वर्णन या भागाला लागू पडत नाही. रान होते, दाट होते, पण ते माणसाच्या वापरातले रान होते. वेळीप आणि गावडे समाज डोंगरउतारावर कुमेरी करीत, म्हणजे रानाचा एक तुकडा साफ करून, जाळून त्यात नाचणी-वरी पेरीत आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरीकडे जात. नदीलगतच्या सखल जमिनीत भातशेती होती, ओहोळांच्या काठाने सुपारीची कुळागरे, म्हणजे बागा, होत्या. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला सोडलेली कुमेरी आणि न कसलेले जंगल यांतला फरक कळत नसे. पोर्तुगीज कागदांत पडीक म्हणून नोंदलेली जमीन पाहताना हे भान फार ठेवावे लागते, कारण त्या एका नोंदीमुळे पुढे अनेक घराण्यांचे हक्क गेले.

अशा ठिकाणी 1787 मध्ये देआंवचा वाडा उभा राहिला. जुझे पावलु पोर्तुगालहून 1779 मध्ये गोव्यात आला. तो जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख, म्हणजे देआंव, झाला आणि लोकांच्या तोंडी त्याचे हेच पदनाम राहिले. आजही केप्यात त्याचा उल्लेख देआंव असाच होतो, पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या गोव्याची त्या वेळची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. साथींनी शहर ओस पडत चालले होते, व्हाइसरॉयने 1759 मध्येच आपले राहणे पणजीला हलवले होते, जेझुइट त्याच वर्षी हाकलले गेले होते. भव्य इगर्जी उभ्या होत्या, पण आजूबाजूला वस्ती नव्हती. अशा शहरात मोठ्या पदावर बसलेल्या माणसाने आपले भविष्य नव्याने हाती आलेल्या प्रांतात शोधावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

1787 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्याच वर्षी कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या घरात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध शिजलेला कट उघडकीस आला. त्यात पकडलेल्या 47 जणांपैकी 17 पाद्री होते आणि पुढच्या वर्षी 15 जणांना पणजीत देहदंड झाला. त्या पाद्रींची मुख्य तक्रार अशी होती, की धर्मसंस्थेतील वरची पदे गोमंतकीय पाद्रींना दिली जात नाहीत, ती पोर्तुगालहून आलेल्यांनाच मिळतात. से कॅथेड्रलचा देआंव हे तशाच वरच्या पदांपैकी एक होते. जुझे पावलुचा त्या कटाशी काही संबंध होता असे मी सुचवीत नाही. पण केप्याचा वाडा ज्या वर्षी उभा राहिला त्या वर्षी गोव्यातील ख्रिस्ती समाजातच कोण वर आणि कोण खाली यावरून एवढा संताप होता, हे सांगितल्याशिवाय त्या वाड्याकडे नीट पाहता येत नाही.

वाडा आणि इगर्ज यांची जागा प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखी आहे, आणि मुलांना तिथे नेण्यासारखे दुसरे चांगले काम नाही. सांता क्रूझच्या इगर्जीच्या दारात पाठमोरे उभे राहिले की समोर वाडा येतो. दोन्ही इमारती एकमेकींकडे तोंड करून आहेत, मधली जागा मोकळी आणि वाड्याच्या मागच्या अंगाला बाग व पलीकडे कुशावती. बाजाराचे गाव जेव्हा आपसूक वाढते तेव्हा घरे रस्त्याला चिकटत जातात, इगर्ज किंवा देऊळ कुठेतरी एका टोकाला असते आणि मोकळी जागा उरते ती उरलीसुरली. इथे उलट आहे. आधी दोन टोके ठरली, त्यांच्यामधले अंतर ठरले आणि मग बाकीचे गाव त्या दोन टोकांच्या आधाराने वाढले. नियोजनाचा हा पुरावा मला कोणत्याही कागदापेक्षा जास्त बोलका वाटतो. वाड्याच्या बांधणीतही दोन पद्धती मिसळल्या आहेत. भिंती इथल्याच चिऱ्याच्या, उंची आणि दर्शनी भाग युरोपीय थाटाचा, आणि हवा-पावसाला तोंड देण्याची युक्ती मात्र इथल्या घरांची. स्थानिक गवंडी आणि सुतार यांच्या हाताशिवाय हे होणार नव्हते, आणि त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

इगर्जीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सोळाव्या शतकात साष्टीत जे घडले तेच केप्यात घडले असेल असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नाही. नव्या काबिजादी घेताना तेथील लोकांचा धर्म, देवळे आणि रूढी यांना हात लावणार नाही, असे आश्वासन पोर्तुगीजांनी दिले होते. हे औदार्य नव्हते. मराठे आणि हैदर दोघेही दाराशी असताना प्रजा बिथरणे त्यांना परवडणारे नव्हते. कारण काहीही असो, जांबावली आणि फातर्प्याची देवळे उभी राहिली आणि गावकऱ्यांचे मानपान चालू राहिले. 1824 मध्ये नव्या काबिजादींच्या रूढींची संहिताही सरकारने प्रसिद्ध केली. त्यामुळे नव्या काबिजादींतील ख्रिस्ती वस्ती वाढली ती मुख्यतः साष्टीतून आलेल्या कुटुंबांमुळे, आणि केप्याची इगर्ज ही अशा वस्तीचे केंद्र म्हणून पाहावी.

आता बाजार. देआंवच्या नावावर परंपरेने तीन-चार कामे सांगितली जातात: रान साफ करून लोकांना शेतीला लावणे, इगर्ज, इस्पितळ आणि बाजार. यातले बाजाराचे काम मला शहराच्या दृष्टीने सगळ्यांत मोठे वाटते. केप्याची जागा पाहा. मडगावपासून सुमारे 14 किलोमीटर, म्हणजे बैलगाडीने किंवा पायी सकाळी निघालेला माणूस व्यवहार आटोपून रात्रीपर्यंत परतू शकेल एवढे अंतर. पश्चिमेला मिठागरे, माडांची भाटे आणि समुद्र. पूर्वेला सुपारी, मिरी, सोले, बांबू, लाकूड आणि घाट. डोंगरातल्या माणसाला मीठ, खारे मासे आणि नारळ हवेत. किनाऱ्यावरच्या माणसाला डोंगरातला माल हवा. पावसाळ्याआधीच्या पुरुमेंताची, म्हणजे साठवणुकीच्या जिनसांची, खरेदी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. या दोन जगांमधून 1763 पर्यंत राज्याची सीमा जात होती, जकात होती, पहारे होते. सीमा पुसली गेली आणि देवाणघेवाण एका ठिकाणी स्थिरावण्याची गरज निर्माण झाली. देआंवने ती गरज ओळखली, हे त्याचे खरे कर्तृत्व. बाजार भरू लागला की दुकानदार आले, शिंपी, सोनार, लोहार आले, सोपो, म्हणजे बाजारकर, वसूल करणारा आला आणि या लोकांची कायमची घरे झाली.

या शहराच्या पायात कोणाचे श्रम आहेत, हाही प्रश्न पुस्तिकेत यावा. रान साफ करून शेती उभी केली हे वाक्य वाचताना कोयता कोणाच्या हातात होता हे विचारले पाहिजे. उत्तर अवघड नाही. वेळीप, गावडे, कुणबी आणि देवस्थानांची कुळे हेच त्या काळी या खोऱ्यातले कष्टकरी होते. त्यांना स्थिर शेतीकडे वळवल्याचे श्रेय देआंवला दिले जाते. त्यातून काहींना कायमची शेते मिळाली असतील, पण त्याच ओघात कुमेरीच्या रानावरचा सामाईक वापर आटत गेला आणि भाटकार-मुंडकार, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, हे नाते या भागात घट्ट झाले. देसाई घराण्यांचे मोकासे, म्हणजे इनामी जमिनी, पोर्तुगीजांनी बहुतांशी मान्य केले, कारण वसुलीसाठी त्यांना मध्यस्थ हवेच होते. ज्याच्या हक्काचा कागद होता त्याचे टिकले. ज्याचा हक्क फक्त वहिवाटीत आणि तोंडी होता त्याचे गेले. वेळीप, गावडे आणि कुणबी यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळायला 2003 साल उजाडावे लागले, आणि वनहक्कांच्या दाव्यांत आजही त्यांना हीच वहिवाट सिद्ध करावी लागते आहे. म्हणून हा केवळ अठराव्या शतकाचा विषय नाही.

देआंवनंतरच्या शतकात केप्याला खरा आधार मिळाला तो सरकारी कचेऱ्यांचा. केपे हे तालुक्याचे आणि पुढे कोमार्कचे, म्हणजे न्यायालयीन विभागाचे, ठिकाण झाले. गोव्यात असे पाचच विभाग होते, त्यामुळे दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातील माणसाला वारसाहक्काचा दावा असो की जमिनीची नोंद, केप्याची वाट धरावी लागे. वकील, नोटरी, लेखनिक आणि दुभाषे यांची वस्ती झाली. इथे मराठीचा मोठा वाटा आहे. देवस्थानांचे हिशेब, गावकऱ्यांचे ठराव आणि खासगी करार मोडीत लिहिले जात आणि कचेरीत ते पोर्तुगीजमध्ये नेणारा माणूस लागे. राज्यसत्ता आली की तिच्याविरुद्धचा राग त्याच ठिकाणी उतरतो. 1852 मध्ये सत्तरीत दीपाजी राण्यांनी उठाव केला, तेव्हा त्याची झळ केपे-बाळ्ळीच्या भागापर्यंत पोहोचली होती. वाडा स्वतः पुढे अनेक हातांतून गेला. काही काळ तो निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान होता, मग बरीच वर्षे पडून होता आणि अलीकडे खासगी प्रयत्नांतून त्याची नीट डागडुजी झाली.

1880 च्या दशकात मुरगावहून घाटाकडे रेल्वे गेली, ती केप्याला न येता उत्तरेच्या अंगाने सावर्डे-कुडचड्याहून कुळेला गेली. माल आता बैलगाडीच्या वाटेवरून रुळांवर आला आणि घाऊक व्यापार कुडचड्याकडे सरकला. विसाव्या शतकात खाणी सुरू झाल्यावर ही तफावत आणखी वाढली. केप्याकडे कोर्ट, कचेऱ्या आणि इगर्ज राहिली, कुडचड्याकडे पेठ गेली. केपे लहान राहिले म्हणूनच देआंवने आखलेली मूळ मांडणी आपल्याला आज डोळ्यांनी पाहता येते.

पुस्तिकेसाठी आणखी शोध घ्यायचा असेल तर चार ठिकाणी जावे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात सौंदेकर आणि इतर शेजारी राज्यांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत, तसेच नव्या काबिजादींचे मोडी कागदही आहेत. पोर्तुगीज वाचणारा आणि मोडी वाचणारा असे दोघे बरोबर असतील तर एकाच घटनेच्या दोन्ही बाजू एका दिवसात समोर येतात. दुसरे ठिकाण म्हणजे इगर्जीची बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची पुस्तके. त्यांतील आडनावे आणि मूळ गावांच्या नोंदींवरून साष्टीतील कोणत्या गावांतून माणसे आली हे कळू शकते. तिसरे म्हणजे जमीन-मोजणीचे नकाशे आणि एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदीचे, उतारे. 1970 च्या दशकातील या मोजणीत प्रत्येक तुकड्याचे स्थानिक नाव नोंदले गेले आहे, आणि मळ, कुळागर, देवाची शेती अशी नावे नकाशावर रंगवली की देआंवच्या आधीच्या गावाची आकृती उमटू लागते. मुलांकडून करून घेण्यासारखा हा उत्तम उपक्रम आहे. चौथे ठिकाण माणसांचे. केप्याच्या आसपासच्या वेळीप वाड्यांवरील वडीलधाऱ्यांकडून रानाच्या तुकड्यांची नावे, कोणता देव कोणत्या सीमेवर बसतो आणि कोणत्या वर्षी कोणते रान कसायचे बंद झाले, हे विचारून लिहून घ्यावे. हे काम मात्र आधी करावे. पणजीतले कागद आणखी काही वर्षे थांबू शकतात.